अग्रबाहूतील तुटलेल्या धमनीला नीलेचे कलम : हात वाचविणाऱ्या शस्त्रक्रियेची ओळख

मनगटाजवळ किंवा कोपराच्या खाली खोल जखम होऊन रक्ताची धार लागली, की आपल्याकडे 'शीर कापली' असे म्हणण्याची पद्धत आहे. बोलीभाषेतील 'शीर' या एकाच शब्दात शरीरातील अनेक भिन्न घटकांचा समावेश होतो. हृदयाकडून शुद्ध रक्त आणणारी धमनी, अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणारी नीला, संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू आणि बोटांची हालचाल घडवून आणणारी कंडरा या सर्वांनाच सर्वसामान्य माणूस शीर म्हणतो. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने मात्र यांपैकी नेमके काय तुटले आहे, यावर त्या हाताचे भवितव्य अवलंबून असते. धमनी तुटली असेल आणि तिचा काही भाग निकामी झाला असेल, तर रुग्णाच्याच शरीरातील नीलेचा तुकडा काढून तो त्या जागी जोडण्यात येतो. या उपचारपद्धतीला नीलेचे कलम असे म्हटले जाते. ही शस्त्रक्रिया केव्हा आवश्यक ठरते, ती कशी केली जाते आणि तिच्यासाठी वेळ इतका मोलाचा का असतो, याची माहिती या लेखात देण्यात येत आहे.

हाताचा दुहेरी रक्तपुरवठा

कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला अग्रबाहू म्हणतात. दंडातून खाली येणारी ब्रॅकियल धमनी कोपराच्या खोलगट भागात दोन प्रमुख शाखांमध्ये विभागली जाते. अंगठ्याच्या बाजूने जाणारी शाखा म्हणजे रेडियल धमनी होय. वैद्य किंवा डॉक्टर मनगटावर जी नाडी पाहतात, ती हीच. करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या शाखेला अल्नर धमनी म्हणतात. या दोन्ही धमन्या तळहातात पोहोचल्यावर परस्परांना कमानीच्या आकारात जोडल्या जातात. अशा दोन कमानी असून, त्यांतील वरवरच्या कमानीला मुख्यतः अल्नर धमनीतून, तर खोलवरच्या कमानीला मुख्यतः रेडियल धमनीतून रक्त मिळते. बोटांना जाणाऱ्या सूक्ष्म धमन्या या कमानींपासून निघतात.

या रचनेमुळे दोहोंपैकी एक धमनी बंद पडली, तरी बहुतेक व्यक्तींच्या हाताला दुसऱ्या धमनीतून पुरेसे रक्त मिळत राहते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी रेडियल धमनी काढून घेता येते, किंवा मनगटातील याच धमनीतून नळी घालून हृदयाची अँजिओग्राफी करता येते, त्यामागील आधारही हाच आहे. मात्र ही कमान प्रत्येक व्यक्तीमध्ये परिपूर्ण असतेच असे नाही. काहींमध्ये ती अपूर्ण असते आणि अशा व्यक्तींची एकच धमनी तुटली, तरी काही बोटांचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो.

ही बाब तपासण्यासाठी अमेरिकन वैद्य एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेली एक साधी चाचणी आजही वापरात आहे. तिच्या सध्याच्या प्रचलित पद्धतीत रुग्णाला मूठ घट्ट आवळण्यास सांगून मनगटावरील दोन्ही धमन्या बोटांनी दाबून धरतात. त्यानंतर मूठ उघडल्यावर तळहात फिकट दिसतो. मग एकाच धमनीवरील दाब काढला जातो. तळहात काही सेकंदांतच पुन्हा गुलाबी झाला, तर ती एक धमनी संपूर्ण हाताला रक्त पुरवू शकते, असा निष्कर्ष निघतो.

धमनी तुटण्याची कारणे आणि फसवी लक्षणे

भारतात अशा दुखापतींची कारणे घर, शेत आणि कारखाना या तिन्ही ठिकाणी आढळतात. खिडकीची किंवा दाराची काच फुटून होणारी जखम, धारदार हत्याराचा वार, रस्त्यावरील अपघात, यंत्रमागाचा किंवा प्रेस यंत्राचा फटका, तसेच कडबाकुट्टी, मळणीयंत्र आणि उसाचा चरक यांत हात अडकणे ही त्यांतील काही कारणे होत. काचेने किंवा सुरीने झालेली जखम बहुधा स्वच्छ असते, म्हणजे धमनीची दोन्ही टोके सरळ कापली गेलेली असतात. यंत्रात अडकलेल्या हाताची स्थिती वेगळी असते. तेथे धमनी ताणली, पिळली आणि चिरडली जाते. बाहेरून ती अखंड दिसत असली, तरी तिचे आतील नाजूक अस्तर बऱ्याच लांबीपर्यंत फाटलेले असू शकते. नीलेच्या कलमाची गरज प्रामुख्याने याच दुसऱ्या प्रकारात भासते.

लहान मुलांमध्ये आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. झाडावरून किंवा झोक्यावरून पडून कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडले, तर हाडाचे टोक ब्रॅकियल धमनीवर दाब आणू शकते किंवा तिला इजा करू शकते. अशा वेळी प्रथम हाड जागेवर बसविण्यात येते आणि अनेकदा तेवढ्यानेच नाडी परत लागते. हाड बसविल्यावरही हात थंड आणि पांढरा राहिला, तर मात्र धमनीची प्रत्यक्ष पाहणी करणे आवश्यक ठरते.

या दुखापतींची काही लक्षणे फसवी असतात. अर्धवट कापलेल्या धमनीतून रक्तस्राव होत राहतो, कारण तिची टोके आकसून बंद होऊ शकत नाहीत. याउलट, पूर्णपणे तुटलेल्या धमनीची टोके आत ओढली जाऊन आकुंचन पावतात आणि रक्तस्राव काही वेळाने आपोआप थांबल्यासारखा वाटतो. त्यामुळे रक्त थांबले म्हणजे धोका टळला, असा समज करून घेणे योग्य नाही. दुसरी गोष्ट अशी, की जखमेच्या खाली मनगटावर नाडी लागत असली, तरी धमनी अखंड असल्याचे सिद्ध होत नाही. दुसऱ्या धमनीतून आलेले रक्त तळहाताच्या कमानीतून उलट दिशेने येऊनही तेथे नाडी जाणवू शकते. म्हणूनच अनुभवी डॉक्टर नाडीबरोबरच बोटांचा रंग, उष्णता, नखावर दाब देऊन सोडल्यावर लाली परतण्यास लागणारा वेळ, स्पर्शज्ञान आणि हालचाल या सर्वांची तपासणी करतात. आवश्यकतेनुसार डॉपलर यंत्राने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकला जातो किंवा सीटी अँजिओग्राफी करण्यात येते. असह्य वेदना, फिकटपणा, नाडी न लागणे, मुंग्या अथवा बधिरता, बोटे हलवता न येणे आणि हात थंड पडणे ही रक्तपुरवठा खंडित झाल्याची प्रमुख लक्षणे मानली जातात.

सहा तासांची मर्यादा

रक्तपुरवठा पूर्णपणे थांबल्यास त्वचा आणि हाडे काही काळ तग धरतात, परंतु स्नायू तितके सहनशील नसतात. साधारण तापमानात सुमारे सहा तासांनंतर स्नायूंची हानी कायमस्वरूपी होण्याचा संभव झपाट्याने वाढतो. अग्रबाहूमध्ये बोटांना हालचाल देणारे स्नायू एकवटलेले असल्यामुळे येथे ही मर्यादा विशेष महत्त्वाची आहे. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये रक्ताअभावी अग्रबाहूचे स्नायू मरून बोटे कायमची आखडून जाण्याच्या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. असा हात शरीराला जोडलेला राहतो, परंतु घास उचलणे किंवा विळा धरणे त्याला शक्य होत नाही.

रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यानंतरही एक धोका शिल्लक असतो. बराच वेळ उपाशी राहिलेल्या स्नायूंमध्ये रक्त परत आल्यावर सूज येते. अग्रबाहूतील स्नायूंभोवती न ताणले जाणारे आवरण असल्यामुळे आतील दाब वाढतो आणि जोडलेल्या धमनीतील रक्तही स्नायूंपर्यंत पोहोचू शकत नाही. हा दाब कमी करण्यासाठी त्वचा व आवरण यांना लांब छेद देऊन ते काही दिवस उघडे ठेवण्यात येते. शस्त्रक्रियेनंतर हातावरील उघडी जखम पाहून नातेवाइकांना धक्का बसतो, परंतु तो उपचाराचाच एक आवश्यक भाग असतो.

रक्तवाहिनी बांधण्यापासून जोडण्यापर्यंत

रक्तवाहिन्या शिवण्याच्या आधुनिक तंत्राचा पाया फ्रेंच शल्यचिकित्सक ॲलेक्सी कॅरेल यांनी घातला. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरात चाकूहल्ला झाला. त्यांच्या पोटातील मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती आणि ती शिवण्याचे तंत्र त्या काळी उपलब्ध नसल्याने त्यांचा मृत्यू झाला. या घटनेने प्रभावित झालेल्या तरुण कॅरेल यांनी भरतकाम करणाऱ्या एका निष्णात महिलेकडून बारीक सुईदोऱ्याचे काम शिकून घेतले आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्यांची टोके जोडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. या कार्यासाठी त्यांना १९१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९०६ मध्ये स्पेनमधील होसे गोयानेस यांनी गुडघ्यामागील धमनीच्या जागी तेथील नीलेचा उपयोग केला, तर १९०७ मध्ये जर्मनीतील एरिख लेक्सर यांनी पायातील नीलेचा तुकडा काखेतील धमनीच्या जागी बसविला.

असे असूनही अनेक दशके युद्धभूमीवर तुटलेली धमनी बांधून टाकण्याचीच पद्धत प्रचलित होती. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या धमन्यांच्या २,४७१ दुखापतींचा आढावा मायकेल डिबेकी आणि फिओरिंडो सिमिओनी यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. धमनी बांधलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अवयव कापावा लागला होता. याच आढाव्यात अग्रबाहूविषयीची आकडेवारी विशेष बोलकी आहे. केवळ रेडियल किंवा केवळ अल्नर धमनीला इजा झालेल्यांमध्ये अवयव गमावण्याचे प्रमाण सुमारे पाच टक्के किंवा त्याहून कमी होते, तर दोन्ही धमन्यांना इजा झालेल्यांमध्ये ते चाळीस टक्क्यांच्या जवळपास होते. पुढे कोरियातील युद्धात जखमींना हेलिकॉप्टरने लवकर हलविण्यात येऊ लागले आणि धमनी बांधण्याऐवजी जोडण्यावर भर देण्यात आला. त्यामुळे अवयव कापण्याचे एकूण प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत खाली आले. १९६० मध्ये अमेरिकेतील ज्युलियस जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखविल्या आणि मनगट व बोटांमधील धमन्यांच्या शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा झाला.

कलम कसे केले जाते?

धमनी सरळ कापली गेली असेल आणि तिची टोके ताण न देता एकमेकांपर्यंत पोहोचत असतील, तर ती थेट शिवण्यात येते. परंतु चिरडलेला भाग कापून टाकल्यावर टोकांमध्ये अंतर पडते. ती बळेच ओढून शिवल्यास टाक्यांवर ताण येतो, धमनी अरुंद होते आणि रक्ताची गुठळी होऊन जोड बंद पडतो. हे अंतर भरून काढण्यासाठी नीलेचे कलम वापरण्यात येते. मोठ्या धमन्यांमध्ये कृत्रिम नळ्यांचा उपयोग होत असला, तरी अग्रबाहूतील धमन्यांचा व्यास साधारणतः दोन ते तीन मिलिमीटर इतकाच असतो. एवढ्या अरुंद कृत्रिम नळीत गुठळी होण्याचा संभव अधिक असतो आणि मातीने किंवा वंगणाने दूषित झालेल्या जखमेत तिला जंतुसंसर्ग होण्याचीही भीती असते. रुग्णाची स्वतःची नीला जिवंत असल्यामुळे या दोन्ही बाबतींत सरस ठरते.

ही नीला बहुधा पायाच्या घोट्याजवळील लांब नीलेतून, पावलाच्या पाठीवरून किंवा अग्रबाहूतीलच वरवरच्या नीलांमधून घेतली जाते. पायातील रक्त परत नेण्याचे मुख्य काम खोलवरच्या नीला करीत असल्याने वरवरच्या नीलेचा तुकडा काढल्यामुळे सहसा कायमचे नुकसान होत नाही. दुखापत झालेल्या हातातील खोल नीलांनाही इजा झाली असण्याची शक्यता असल्यास त्याच हाताची नीला घेण्याचे टाळले जाते.

शस्त्रक्रियेचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात. हाड मोडले असेल, तर ते आधी स्थिर करण्यात येते, अन्यथा नंतरच्या हालचालीने नाजूक जोड तुटू शकतो. यास विलंब होणार असेल, तर धमनीच्या दोन टोकांमध्ये तात्पुरती प्लॅस्टिकची नळी बसवून रक्तप्रवाह सुरू ठेवता येतो. त्यानंतर धमनीची टोके निरोगी अस्तर दिसेपर्यंत कापली जातात. आत गुठळ्या असतील, तर टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने त्या ओढून काढल्या जातात. हे साधन अमेरिकन शल्यचिकित्सक थॉमस फोगार्टी यांनी विकसित केले असून, १९६३ पासून ते प्रचारात आहे. वरच्या टोकातून रक्ताची जोरदार धार येते आणि खालच्या टोकातूनही रक्त परतते, याची खात्री करून घेण्यात येते.

काढलेल्या नीलेच्या लहान उपशाखा बांधून ती हेपारिनयुक्त द्रावणाने धुतली जाते. यानंतरचा टप्पा महत्त्वाचा आहे. नीलेमध्ये रक्ताला केवळ हृदयाच्या दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात. कलम सरळ बसविले, तर या झडपा रक्ताचा मार्ग अडवतील. म्हणून नीला उलटी करून बसविण्यात येते, म्हणजे तिचे पावलाकडील टोक धमनीच्या हृदयाकडील टोकाला जोडले जाते. नीलेला पीळ पडू नये, यासाठी तिच्यावर शाईची रेघ ओढून ठेवण्याची पद्धत आहे. लांबीचा अंदाजही अचूक असावा लागतो. शरीराबाहेर काढलेली नीला आकसते आणि धमनीतील दाबाखाली पुन्हा लांबते. त्यामुळे ती अपुरी पडली तर ताण येतो आणि अधिक झाली तर तिला बाक पडून प्रवाह थांबतो. दोन्ही जोड भिंगाच्या चष्म्याने किंवा सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने शिवले जातात. शेवटी कलमावर निरोगी स्नायू किंवा त्वचा यांचे आच्छादन घालावे लागते. उघडे राहिलेले कलम सुकते, त्याला संसर्ग होतो आणि ते फुटण्याचा धोका निर्माण होतो.

कलमाचे पुढे काय होते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. कमी दाबाची सवय असलेली नीलेची पातळ भिंत धमनीच्या दाबाखाली हळूहळू जाड होत जाते. हा बदल मर्यादेत राहिल्यास कलम दीर्घकाळ काम देते, परंतु अस्तर प्रमाणाबाहेर जाड झाल्यास ते अरुंद होऊन बंद पडू शकते. तंबाखू आणि धूम्रपान यांमुळे ही शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतर या सवयी सोडण्याचा डॉक्टरांचा आग्रह याच कारणामुळे असतो.

एकच धमनी तुटली असेल तर?

या प्रश्नावर शल्यचिकित्सकांमध्ये पूर्वीपासून दोन मते आहेत. हात गुलाबी व उबदार असेल आणि दुसरी धमनी उत्तम चालू असेल, तर तुटलेली धमनी बांधून टाकणे सुरक्षित आहे, असे एक मत आहे. गंभीर जखमी रुग्णाचा जीव वाचविणे अग्रक्रमाचे असते, तेव्हा हाच मार्ग स्वीकारला जातो. दुसऱ्या मतानुसार परिस्थिती अनुकूल असल्यास एकच तुटलेली धमनीही जोडावी, कारण भविष्यात दुसऱ्या धमनीला इजा झाली तर हाताला आधार उरणार नाही. शिवाय, थंडी सहन न होणे किंवा कष्टाचे काम करताना हात लवकर थकणे असा त्रास काही रुग्णांना होऊ शकतो. दोन्ही धमन्या तुटल्या असतील किंवा हातात रक्त पोहोचत नसेल, तर मात्र किमान एक धमनी जोडणे अत्यावश्यक आहे, याविषयी मतभेद नाहीत.

मनगटाच्या जखमांत धमनीबरोबर तिच्या शेजारचा मज्जातंतू आणि अनेक कंडराही तुटलेल्या असू शकतात. धमनीतील प्रवाह शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सुरू होतो, परंतु मज्जातंतूची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने होते. त्यामुळे बोटांत संवेदना परतण्यास कित्येक महिने लागतात आणि त्या काळात नियमित व्यायामोपचार करावे लागतात. मजुरीवर पोट असलेल्या कुटुंबासाठी हा काळ कठीण असतो. तरीही व्यायामोपचार अर्ध्यावर सोडल्यास यशस्वी शस्त्रक्रियेचा लाभही वाया जाण्याची शक्यता असते.

नागरिकांनी काय करावे?

जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून हाताने घट्ट व सलग दाब द्यावा आणि हात उंच धरावा. रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी वारंवार कापड उचलू नये. बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढून ठेवावे, कारण नंतर सूज येते. जखमेत रुतलेली काच किंवा लोखंड स्वतः उपसून काढू नये. हळद, कॉफीची पूड, माती असे काहीही जखमेत भरू नये. दाब देऊनही रक्तस्राव आटोक्यात येत नसेल आणि जिवाला धोका असेल, तरच दंडावर रुंद पट्टी आवळून बांधावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. बारीक दोरी किंवा तार वापरू नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागणार असल्याने रुग्णाला खाण्यापिण्यास देऊ नये. हाताचा भाग तुटून वेगळा झाला असेल, तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुटलेल्या भागाला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये.

अनेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सर्व रुग्णालयांत उपलब्ध नसतात. यासाठी जवळच्या रुग्णालयात रक्तस्राव थांबवून, हाताला आधारपट्टी लावून, पुढील रुग्णालयाला दूरध्वनीने पूर्वसूचना देऊन रुग्णास हलविणे हिताचे ठरते. दुखापत नेमकी किती वाजता झाली, ही माहिती सोबतच्या व्यक्तीने डॉक्टरांना आवर्जून द्यावी. सहा तासांचा हिशेब त्या क्षणापासून सुरू झालेला असतो.

यंत्रांमुळे होणाऱ्या दुखापती टाळण्यासाठी कायद्याचाही आधार आहे. मळणीयंत्रासारख्या यंत्रांत हात गमावणाऱ्या शेतमजुरांची दखल घेऊन केंद्र सरकारने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. यंत्रावरील संरक्षक आच्छादन काढून न टाकणे, सैल बाह्यांचे कपडे घालून यंत्रात चारा न सारणे आणि थकलेल्या माणसाला यंत्रावर न बसविणे या साध्या गोष्टी पाळल्यास अनेक हात शस्त्रक्रियेविनाच वाचू शकतील.

ज्यांच्या हातावर असे कलम झाले आहे, त्यांनी शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपून ठेवावीत. पुढे कोणत्याही तपासणीच्या वेळी मनगटातून नळी घालण्याचा किंवा त्या धमनीतून रक्त घेण्याचा प्रसंग आल्यास, या हातात कलम आहे, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.